एकट्यापुरती होडी

॥ श्री ॥
एकोडी, ता. साकोली
९ फेब्रुवारी १९७८

चि. इश्वर यास गोमाजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं संक्रांतीचं कार्ड पोचलं. पुष्पा आणि मुलं खुशाल आहेत हे वाचून बरं वाटलं. इकडे धानाची चुरणी-मळणी आटोपली. तुझी वहिनी आहे तशीच आहे. मागच्या साली डावं अंग गेलं ते गेलंच. साकोलीच्या डॉक्टरांनी हात टेकले. डावा हात आणि डावा पाय म्हणजे लाकूड, तोंड वाकडं, आणि बोलते ते तोंडात गरम भात कोंबल्यासारखं. तीस वर्षं या बाईने मला गड्यामाणसांदेखत बोल बोल बोललं. आता मी बोलतो आणि ती ऐकते. देवाघरी देर आहे, अंधेर नाही.

काम असं की, मला एक होडी पाहिजे. मासोळी हा माझा एकच शौक, तुला ठाऊक आहे. इतकी वर्षं डोमा ढिवराच्या डोंग्यात बसून जात होतो. डोंगा एकट्याने चालत नाही, एकाने बांबू मारायचा आणि दुसऱ्याने जाळं टाकायचं. दिवाळीनंतर एके दिवशी डोमाने मला अर्ध्या तलावातून परत काठावर आणून उतरवलं. म्हणे, तुमच्या तोंडानं मासोळ्या पळून जाऊन राहिल्या, उद्यापासून येऊ नका. ढिवराने मला उतरवावं! तेव्हापासून त्याचं तोंड पाहिलं नाही.

तू गोदीत आहेस. जहाजांच्या, विमानांच्या रबरी होड्या लिलावात निघतात असं तूच मागे सांगितलं होतंस. हवा भरून फुगवायची, काम झालं की घडी करून खांद्यावर टाकायची, अशी एक पाहा. एकच माणूस बसेल एवढी. तलाव घरामागेच आहे. घरी बसलं की दिवसभर खाटेवरून थाळी वाजते. तहान लागली, थाळी. माशी बसली, थाळी. पाण्यावर गेलो की माझ्या कानाला तेवढी सुट्टी मिळेल.

मुलांना पापा. लोभ आहेच, तो होडीच्या रूपाने दिसावा.

तुझा
गोमाजी

परळ, मुंबई
२६ फेब्रुवारी १९७८

ती. स्व. दादांस इश्वरचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. दोन रविवार होड्या बघत फिरलो. पुष्पा म्हणते, लग्नाला मुलगी बघताना एवढा फिरला नव्हता.

तीन प्रकार पाहिले. पहिली लहान मुलांची, प्लास्टिकची, बाजारात टांगलेली असते. तिच्यात तुम्ही बसलात तर डबक्यातसुद्धा बसकण मारेल, तेव्हा ती सोडली. दुसरी लढाऊ विमानातल्या वैमानिकाची. विमान समुद्रात पडलं तर त्याने एकट्याने बसायची. पिवळी, सभोवार एकच फुगवलेली नळी, मध्ये रबराचं बूड. वल्ही म्हणजे हाताच्या पंजाएवढ्या दोन फळ्या. तिच्यात उभं राहता येत नाही, म्हणजे फेकजाळं नाही, फक्त गळ. आणि गळालाही बूच लावून ठेवावं लागेल, नाहीतर आपलाच गळ आपल्याच होडीत. तिसरी एका परदेशी जहाजावरची, करड्या रंगाची, दोन माणसांची. हवेचे दोन कप्पे वेगळे आहेत, एक फुटला तरी दुसरा तारून नेतो. बुडाला फळ्या, वल्ही लांब.

माझं मत तिसरीला. महाग नाही, आणि जीव सांभाळणारी आहे. शिवाय दुसऱ्या जागेवर कधी संध्याकाळी वहिनीला बसवता येईल. दोघांनी धरलं की ती सहज उचलली जाईल. आई गेल्यावर मला कडेवर घेऊन ती त्याच तलावाच्या पाळीवरून फिरायची आणि पाय पाण्यात सोडून बसायची. तिला बरं वाटेल.

ती नीट जेवते ना? पुष्पा तिच्यासाठी स्वेटर विणते आहे. तिला माझा नमस्कार सांगा. आशीर्वाद असू द्यावा.

आपला
इश्वर

एकोडी
१० मार्च १९७८

चि. इश्वर यास आशीर्वाद. वि. वि.

तू होडी निवडायला बसलास की देवाची पालखी सजवायला? मी एकट्याची सांगितली तर तू दोघांची दाखवतोस. दुसरी जागा असली की कोणी ना कोणी तिच्यावर बसतंच. घरात दुसरी जागा होती, तीस वर्षं भोगली. पाण्यावर नको.

वहिनीची काळजी करू नकोस. मी तिला चांगला व्यायाम देतो. पाण्याचा तांब्या मुद्दाम डाव्या बाजूला ठेवतो. मग तिचा उजवा हात छातीवरून पलीकडे जायला बघतो, बोटं नाचतात, तांब्या तिथेच. डॉक्टरही म्हणाले होते की अंग हलवत राहिलं पाहिजे. तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा होडीत बसायचं ऐकून तिचं तोंड सरळ होतं की काय असं वाटलं. मी हसून हसून बेजार.

थाळीची गंमत सांगायची राहिली. आपल्याकडची रीत तू विसरला असशील. पाण्यावरच्या माणसाला नाव घेऊन हाक मारायची नाही, तलाव ते नाव धरून ठेवतो. कोणी संकटात असलं की काठावरून थाळी वाजवायची. तर तुझ्या वहिनीने एकदा पाण्यासाठी थाळी बडवली आणि ढिवरांची आळी जाळी-दोर घेऊन तलावावर हजर! माझी काय शोभा झाली. तेव्हापासून ताकीद दिली आहे, एकच टोला मारायचा, तोही हळू. कोणी बुडत असेल तरच लागोपाठ.

होडी पिवळी पाठव. जमत नसेल तर राहू दे. मी घरीच बसेन. घरी बसलो की माझं डोकं कसं चालतं, ते भोगायला तुझी वहिनी आहेच.

तुझा
गोमाजी

एकोडी
१८ मार्च १९७८

चि. इश्वर यास वहिनीचे पोटभर आशीर्वाद.

अक्षर ओळखलंस ना? उजवा हात शाबूत आहे. तोंडाचं बोलणं कोणाला कळत नाही, म्हणून लिहिते. हे पारावर गेले आहेत. शेजारची धुरपता, डोमाची बायको, हे पत्र साकोलीला बाजाराच्या दिवशी पेटीत टाकेल. उत्तर डोमाच्या पत्त्यावर घाल, घरी नको.

पहिलं मागणं असं की मला मुंबईला ने. तुझी खोली एकच आहे हे ठाऊक आहे. मी कोपऱ्यात मावेन, तशीही आता अर्धीच उरले आहे. तांब्याची गंमत तुला लिहिली ती मला मोठ्याने वाचून दाखवली. माझा हात पोचत नाही तोवर हे समोर बसून बघतात. कोणी भेटायला आलं की माझ्यासारखं तोंड वाकडं करून बोलून दाखवतात. डोमाच्या डोंग्यातही तेच चाललं होतं, म्हणून डोमाने यांना उतरवलं. मासोळ्या बिचाऱ्या कशाला पळतील?

मी काही देवमाणूस नव्हते. तुझ्या दादांना मी चारचौघांत टाकून बोलले, मूल झालं नाही त्यावरूनही बोलले. पण बोलून झालं की ताट वाढत होते. तहानलेल्याकडे बघत बसण्याची हौस मला कधी नव्हती.

नेणं जमत नसेल तर दुसरं मागणं. होडी एकट्याचीच पाठव. दोघांची आली तर मला तिच्यात घालतील, आणि तलावाच्या मध्यावर नेऊन कोणती गंमत सुचेल याचा नेम नाही. निवडताना एवढं बघ की बसायला मऊ असावी, पाठ टेकता यावी, कंबर दुखू नये. माणूस सकाळी बसला की दिवस मावळेपर्यंत उठावंसं वाटू नये, अशी होडी बघ. हे पाण्यावर गेले की धुरपता येईल, माझी वेणी घालेल, पोटभर खाऊ घालेल. तेवढा दिवस माझा.

पण पहिलं मागणं पहिलं आहे, हे विसरू नकोस. माया आहे तशी ठेव.

तुझी
वहिनी

मुंबई
९ जून १९७८

ती. सौ. वहिनीस इश्वरचा सा. न.

तुझं पत्र वाचून रडू आलं. उत्तराला उशीर झाला. काय लिहावं ते सुचत नव्हतं. पुष्पाशी बोललो. तिचंही खोटं नाही. चौथा मजला, संडास गॅलरीच्या टोकाला, आणि ती दिवसभर शिवणाच्या कारखान्यात. दिवाळीनंतर काहीतरी बघू. मी विसरणार नाही.

होडी मात्र अगदी तुझ्या मनासारखी घेतली. चार पिवळ्या होत्या. चारही फुगवून, पाण्यात दाबून बुडबुडे पाहिले. एकीची गादी जरा जाड होती, ती निवडली. एका सांध्यापाशी शंका आली तिथे दुहेरी ठिगळ लावून घेतलं. पाठ टेकायला नळी उंच आहे. हवा कमी झाली तर बसल्या बसल्या भाता दाबून भरता येते. वरचा टप मिळाला नाही, दादांना छत्री न्यायला सांग. मी स्वतः तिच्यात बसून पाहिलं, खरोखर उठावंसं वाटेना.

कलकत्त्याकडे जाणाऱ्या एका ओळखीच्या ट्रकवाल्याकडे ती दिली आहे. साकोलीला नाक्यावरच्या चहाच्या दुकानात उतरवील. स्वेटर त्यातच घडी करून ठेवला आहे. तब्येतीला जप.

तुझा
इश्वर

एकोडी
१५ जुलै १९७८

चि. इश्वर यास अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

होडी आली आणि तुझा दादा राजा झाला! पाळीवर बसून भाता दाबत होतो तर अर्धं गाव गोळा. कोणी म्हणे पिवळा भोपळा, कोणी म्हणे म्हशीचं पोट. मी बसून दहा हात आत गेलो तेव्हा सगळ्यांची तोंडं बंद झाली. डोमा डोंग्यातून बघत होता. मी त्याच्याकडे पाठ करून गेलो. खरं म्हणजे होडी आपोआप गरकन फिरली, पण बरोबर वेळेला फिरली.

पहिल्याच आठवड्यात मोठी मरळ लागली. तिचं मांस मी खाल्लं, डोकं आणि काटे तुझ्या वहिनीला वाढले. एका हाताने काटे काढत बसते, वेळ छान जातो.

इश्वर, एक सांगतो, हसू नकोस. पाण्यावर मी कोणालाही वाईट बोलत नाही. बोलायला कोणी नसतंच. तिथे मला माझा राग येत नाही. घराकडे तोंड वळलं की छातीत पुन्हा काहीतरी चढू लागतं. म्हणून मी आता भाकर बांधूनच नेतो आणि दिवस मावळल्यावरच येतो.

तुझं कल्याण होवो. असाच लोभ कायम असू दे.

गोमाजी

एकोडी
२० ऑगस्ट १९७८

चि. इश्वर यास आशीर्वाद.

हे पत्र तुकड्यातुकड्याने लिहिते आहे. हे विहिरीवर आंघोळीला जातात, तेवढाच वेळ मिळतो. धुरपता मागच्या कुडाच्या फटीतून घेऊन जाईल.

तुझ्या होडीने मला महिनाभर सुख दिलं. धुरपता यायची, आम्ही दोघी गरम भात खायचो, हसायचो. माझं बोलणं तिला पुरतं कळू लागलं होतं.

मग रोवणीचे दिवस आले. गाव धानाच्या बांध्यांत रोवायला, धुरपताही तिकडेच. डोमा तेवढा तापाने घरी पडलेला. दुपारी हे मरळीच्या मागे डोमाच्या शिंगाड्यांच्या वेलांत शिरले. वेलांत पंजाएवढ्या फळ्या काय चालणार? एक फळी हातची गेली. वारा सुटला, पाऊस आला, आणि होडी आणखी आत ओढली गेली. नळीची हवाही जात असावी, कारण भाता सारखा दाबत होते. वेलांत पोहता येत नाही, पाय अडकतात, हे यांनाही ठाऊक आणि मलाही. माझी खाट मागच्या छपरीत होती, सगळं समोर दिसत होतं.

आधी शिव्या आल्या. थाळी वाजवून नाही राहिली काहून, म्हणून विचारलं. मग विनवणी आली. मग नुसतंच ओरडणं. थाळी माझ्या छातीवर होती. लागोपाठ वाजवली असती तर डोमा तापातही धावला असता. मी थाळीवर हात पालथा ठेवला. पावसाचे थेंब तिच्यावर पडून वाजत होते, तेही वाजू नयेत म्हणून. मला यांनी मरायला हवं होतं का? होय, हवं होतं. खोटं का लिहू? ते तिथे हात पसरत होते आणि मी बघत होते. इश्वर, मला बरं वाटलं. बघण्यात काय गोडी असते ते मला त्या दिवशी कळलं, आणि आम्ही दोघं नवराबायको शोभतो असंही वाटलं.

दिवेलागणीला डोमा लघवीला उठला, त्याला आवाज गेला. डोंगा घालून तो यांना घेऊन आला. होडी अर्धी लोळागोळा झाली होती.

हे घरात आले, धोतर बदललं, माझ्या छातीवरून थाळी उचलली आणि माळ्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी धुरपताला सांगितलं की आता तुझी गरज नाही, बायकोचं मीच करीन. तेव्हापासून उठत नाहीत, इश्वर. दिवसभर खाटेला लागून बसतात. स्वतःच्या हाताने भरवतात. घास कढत असतो आणि तो गिळेपर्यंत ओठांवरचं बोट काढत नाहीत. लोक येऊन बघतात, म्हणतात, नवरा असावा तर असा.

दिवाळी बघू नकोस. खोलीत नको असेन तर गॅलरीत टाक, संडासाजवळ टाक. पण ये आणि मला उचलून ने. तुला मी कडेवर वाढवलं. हे मी कधी बोलून दाखवलं नव्हतं, आज दाखवते.

वहिनी

एकोडी
६ सप्टेंबर १९७८

चि. इश्वर यास गोमाजीचे आशीर्वाद. वि. वि.

पुष्कळ दिवसांत पत्र नाही म्हणून लिहितो. पीक जोरात आहे. मी मासोळीचा नाद सोडला. पाण्यावर माणसाला आपलं कोण ते कळतं, आणि एकदा कळलं की त्या माणसाला सोडून जावंसं वाटत नाही. आता मी सकाळपासून रात्रीपर्यंत तुझ्या वहिनीपाशी असतो.

त्या दिवसाबद्दल तिने तुला लिहिलं असेलच. तिचं अक्षर पहिल्यापासून वळणदार. पण लिहून तिचा हात दुखतो असं माझ्या लक्षात आलं, तेव्हा दौत-टाक मी उचलून ठेवला आहे. यापुढे तिचीही पत्रं मीच लिहीन. कुडाची फटही लिंपून घेतली, तिथून वारा यायचा आणि तिला वारा सोसत नाही.

तुझी होडी वाया गेली नाही. ती कापून, नीट चौकोनी करून, तुझ्या वहिनीखाली अंथरली आहे. रबर असल्यामुळे गादी ओली होत नाही, आणि दिवसभर बदलायची दगदग वाचते. तुझी निवड चांगली होती, एवढं जाड रबर इकडे मिळत नाही. उकाड्यात पाठीला जरा चिकटतं, इतकंच.

ती तुला आशीर्वाद सांगते. मुंबईला येण्याचं वेड तिच्या डोक्यात होतं, ते आता राहिलं नाही असंही सांगते. मी विचारलं तेव्हा तिने मान हलवली.

पुष्पाला व मुलांना आशीर्वाद. ममता वाढती असू दे.

तुझा
गोमाजी

मुंबई
२१ सप्टेंबर १९७८

ती. स्व. दादांस व ती. सौ. वहिनीस इश्वरचा शि. सा. न. वि. वि.

आपलं पत्र वाचून डोळे भरून आले. या वयात, शेतीचा व्याप सांभाळून, आपण वहिनीचं इतकं करता. पुष्पाने पत्र शेजारणींनाही वाचून दाखवलं.

मध्यंतरी वहिनीचं एक पत्र आलं होतं. तिने त्यात काहीबाही लिहिलं होतं. दुखणाईत माणसाच्या मनात असे विचार येतात, पुष्पाचंही हेच म्हणणं पडलं. मी ते मनावर घेतलं नाही, आपणही घेऊ नये.

तिला इकडे आणण्याचा विचार दिवाळीनंतर करणार होतो. आता त्याची जरूर नाही हे वाचून माझ्या मनावरचं ओझं उतरलं. स्वतःच्या घरासारखं सुख कुठेच नाही. या दिवाळीला आमचंही येणं होणार नाही, मुलांच्या शाळेचं आहे.

रबराबद्दल थोडं. ओलं ठेवलं तर त्याला वास धरतो आणि घडीवर चिरा पडतात. रोज कोरड्या फडक्याने पुसावं आणि वरून पावडर भुरभुरावी, म्हणजे अंगाला चिकटत नाही. तेल लागू देऊ नये. एवढं पाळलं तर ते पुष्कळ वर्षं टिकेल. होडी घेतली तेव्हा दुकानदाराने खात्री दिली होती, की माणूस थकेल पण हे रबर थकणार नाही.

वहिनीला एवढं सगळं वाचून दाखवावं. तिला बरं वाटेल. दोघांची माया आमच्यावर अशीच राहो.

आपला
इश्वर